वर्दी देणारे घोडेस्वार: १८ एप्रिल १७७५ ची रात्र आणि तिच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे स्वार कोण होते आणि ते कशाची वर्दी देत होते?

उत्तर अमेरिकेतील तेरा इंग्रजी वसाहती आणि लंडनचे सरकार यांच्यातील तंटा १७७५ च्या वसंतात हातघाईवर आला होता. मॅसॅच्युसेट्सचा लष्करी गव्हर्नर जनरल थॉमस गेज बॉस्टनमध्ये फौज घेऊन बसला होता, तर शहराबाहेरच्या गावांचा कारभार जवळजवळ पूर्णपणे वसाहतीतल्या लोकांच्या समित्यांकडे गेला होता. बॉस्टनपासून सुमारे वीस मैलांवर असलेल्या काँकर्ड या गावी या समित्यांनी तोफा, बंदुकीची दारू आणि धान्य साठवले होते. हा साठा नष्ट करण्यासाठी गेजने १८ एप्रिलच्या रात्री सुमारे ७०० शिपाई लेफ्टनंट कर्नल फ्रान्सिस स्मिथ याच्या हाताखाली गुपचूप रवाना केले. फौज निघाल्याची खबर तिच्याआधी गावोगाव पोहोचवणे, हे या स्वारांचे काम होते. त्यांच्यापैकी पॉल रिव्हिअर हे नाव जगाला ठाऊक आहे. बाकीच्यांची नावे त्या मानाने फार थोड्यांना माहीत असतात, आणि हे पान लिहिण्यामागे तेच मुख्य कारण आहे.

रिव्हिअर हा सैनिक होता का?

नाही. तो चांदीकाम करणारा कारागीर होता. फ्रान्समधून धर्मछळामुळे परागंदा झालेल्या एका प्रॉटेस्टंट माणसाचा तो मुलगा, आणि त्या रात्री त्याचे वय चाळीस वर्षांचे होते. स्वार म्हणून मात्र तो नवखा नव्हता. डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बुडवला गेला, तेव्हा ती बातमी घेऊन तो न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाला गेला होता. १३ डिसेंबर १७७४ रोजी भर हिवाळ्यात तो न्यू हॅम्पशायर वसाहतीतील पोर्ट्समथला पोहोचला आणि तिथल्या किल्ल्यातील दारूगोळ्याच्या बंदोबस्तासाठी इंग्रजांची कुमक येत असल्याचे त्याने सांगितले. दुसऱ्याच दिवशी स्थानिक लोकांनी तो किल्ला घेतला आणि दारूची पिंपे हलवली. काँकर्डच्या मोहिमेपूर्वी दहा दिवस, म्हणजे ८ एप्रिल रोजीही तो त्याच गावी इशारा देऊन आला होता, आणि त्यामुळे तिथला बराचसा साठा आधीच इतरत्र हलवला गेला होता. १८ एप्रिलची रात्र ही त्याच्या अशा अनेक फेऱ्यांपैकी एक होती.

तो एकटाच निघाला होता का?

नाही, आणि ही समजूत सर्वांत आधी दूर व्हायला हवी. डॉक्टर जोसेफ वॉरन हा बॉस्टनमध्ये मागे राहिलेल्या पुढाऱ्यांपैकी प्रमुख होता. त्याने त्या रात्री दोन माणसे दोन वाटांनी पाठवली. कातडी कमावण्याचा धंदा करणारा विल्यम डॉज हा तीस वर्षांचा तरुण शहराला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्यावरून, पहारेकऱ्यांच्या नजरेसमोरून बाहेर पडला आणि रॉक्सबरी, केंब्रिजमार्गे काँकर्डच्या वाटेवरील लेक्सिंग्टन या गावाकडे गेला. रिव्हिअर चार्ल्स नदी ओलांडून चार्ल्सटाउनमार्गे निघाला. एक पकडला गेला तरी दुसरा पोहोचावा, एवढा साधा आणि शहाणपणाचा हिशेब त्यामागे होता. दोघांनाही लेक्सिंग्टन गाठून तिथे मुक्कामाला असलेल्या सॅम्युअल अ‍ॅडम्स आणि जॉन हॅनकॉक या पुढाऱ्यांना सावध करायचे होते. या दोघांना अटक होईल, अशी वॉरनची धास्ती होती. गेजच्या लेखी हुकमात मात्र अटकेचा उल्लेख नव्हता, त्यात केवळ काँकर्डच्या साठ्याचे काम सांगितले होते.

मनोऱ्यातील दोन कंदील रिव्हिअरसाठी लावले होते ना?

नव्हे. कंदील त्याच्या सांगण्यावरून लावले गेले, पण ते पाहायचे होते नदीपलीकडच्या चार्ल्सटाउनमधील लोकांनी. फौज जमिनीवरून निघाली तर एक आणि पाण्यावरून निघाली तर दोन, हा संकेत त्याने आधीच्या रविवारी, १६ एप्रिलला, लेक्सिंग्टनहून परतताना चार्ल्सटाउनच्या मंडळींशी ठरवला होता. आपल्याला नदी ओलांडता येईल किंवा शहराच्या वेशीतून कोणाला निसटता येईल, याची शाश्वती नसल्यामुळे केलेली ही तिसरी तजवीज होती. ओल्ड नॉर्थ चर्चच्या किल्ल्या सांभाळणारा रॉबर्ट न्यूमन याने मित्रांच्या मदतीने ते दोन कंदील मनोऱ्यात नेऊन क्षणभर दाखवले. जास्त वेळ दाखवणे धोक्याचे होते, कारण तो उजेड इंग्रजांनाही दिसलाच असता. रिव्हिअर नदीपार उतरला तेव्हा चार्ल्सटाउनच्या लोकांनी त्याला सांगितले की, आम्ही कंदील पाहिले आहेत.

त्या रात्रीचा प्रवास प्रत्यक्षात कसा झाला?

याविषयी रिव्हिअरने स्वतः लिहून ठेवले आहे. घटनेनंतर लवकरच, १७७५ साली, त्याने एक जबानी लिहिली आणि नंतर १७९८ च्या सुमारास जेरेमी बेलनॅप या इतिहासप्रेमी धर्मगुरूला एक सविस्तर पत्र पाठवले. दोन्ही कागद मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे जपून ठेवलेले आहेत. पुढचा तपशील मुख्यतः त्यांच्यावरूनच दिला आहे.

दोन मित्रांनी त्याला होडीतून नदीपार नेले. वाटेत सॉमरसेट ही इंग्रजी युद्धनौका नांगरून पडली होती. भरती नुकतीच सुरू झाली होती, जहाज प्रवाहाबरोबर फिरत होते आणि चंद्र उगवत होता, असे त्याने लिहिले आहे. पलीकडे त्याला डीकन लार्किन याचा घोडा मिळाला. अकराच्या सुमारास तो निघाला. रात्र मोठी प्रसन्न होती, अशी नोंद त्याने केली आहे. जीव मुठीत धरून निघालेल्या माणसाला त्या रात्रीचे सौंदर्य जाणवले आणि वीस-पंचवीस वर्षांनीही ते आठवले, याचे मला दर वेळी नवल वाटते.

चार्ल्सटाउनचा चिंचोळा भूपट्टा ओलांडल्यावर लगेच त्याला झाडाखाली दोन स्वार दिसले. जवळ जाताच ते इंग्रज अधिकारी असल्याचे त्याच्या ध्यानात आले. एकाने वाट अडवायचा प्रयत्न केला, तेव्हा रिव्हिअरने घोडा झटक्यात मागे वळवला आणि मेडफर्डचा रस्ता धरला. पाठलाग करणारा अधिकारी मातीच्या खाणीत अडकला. त्यानंतर मेडफर्डमध्ये तिथल्या मिनिटमेनच्या, म्हणजे हाक येताच निघणाऱ्या स्थानिक लोकांच्या तुकडीच्या, कप्तानाला उठवून आणि पुढे लेक्सिंग्टनपर्यंत जवळजवळ प्रत्येक घराला हाक देत तो मध्यरात्रीच्या सुमारास पोहोचला. डॉजचा रस्ता अधिक लांबचा होता, त्यामुळे तो सुमारे अर्ध्या तासाने आला.

हे दोन अधिकारी जिथे दिसले ती जागा सांगताना रिव्हिअर लिहितो की, जिथे मार्कला साखळदंडांत टांगले होते, त्याच्या जवळपास समोर. हा मार्क एक गुलाम होता. धन्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून त्याला १७५५ साली फाशी देण्यात आले आणि लोकांना जरब बसावी म्हणून त्याचे प्रेत लोखंडी साखळ्यांत रस्त्याकडेला लटकवून वर्षानुवर्षे तसेच ठेवले. त्याच खटल्यात फिलिस या गुलाम स्त्रीला जाळून मारण्यात आले. वीस वर्षांनंतर ती जागा वाटसरूंसाठी नुसती खूण होऊन बसली होती, आपल्याकडे एखादा वड किंवा पार सांगावा तशी. स्वातंत्र्याची वर्दी घेऊन निघालेला स्वार ज्या रस्त्याने गेला, त्या रस्त्याची खूण ही होती. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या कथेत मार्क येत नाही, पण रिव्हिअरच्या पत्रात तो आहे, आणि म्हणून इथेही असला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक्सिंग्टनच्या मैदानात कॅप्टन जॉन पार्करच्या तुकडीत प्रिन्स इस्टाब्रुक नावाचा एक गुलाम बंदूक घेऊन उभा होता आणि तो त्या गोळीबारात जखमी झाला, हेही सांगायला हवे.

तो ‘इंग्रज आले, इंग्रज आले’ असे ओरडत गेला का?

तसे तो ओरडला असता तर ऐकणाऱ्यांचा गोंधळ उडाला असता. १७७५ साली हे लोक स्वतःला इंग्रज राजाचे प्रजाजन मानत होते आणि त्यांचे भांडण इंग्रज म्हणून असलेल्या हक्कांसाठीच होते. त्यांच्या बोलण्यात राजाच्या खड्या फौजेला ‘रेग्युलर्स’ म्हणत. लेक्सिंग्टनला ज्या पाद्र्याच्या घरी हॅनकॉक आणि अ‍ॅडम्स झोपले होते, तिथे पहाऱ्यावर असलेल्या सार्जंट मन्‍रोने त्याला बजावले की, घरातली माणसे झोपली आहेत, आवाज करू नका. त्यावर रिव्हिअर म्हणाला, “आवाज? थोड्याच वेळात हवा तेवढा आवाज ऐकायला मिळेल. रेग्युलर्स बाहेर पडले आहेत!” ही आठवण मन्‍रोने पुढे सांगितलेली आहे. वाटेतला निरोपही याच प्रकारचा, म्हणजे रेग्युलर्स निघाले आहेत असा होता, असे मानणे योग्य ठरेल.

काँकर्डला कोण पोहोचले?

डॉक्टर सॅम्युअल प्रेस्कॉट. लेक्सिंग्टनहून रिव्हिअर आणि डॉज काँकर्डकडे निघाले, तेव्हा वाटेत हा तरुण डॉक्टर त्यांना भेटला. लेक्सिंग्टनला आपल्या वाग्दत्त वधूकडे गेलेला तो आपल्या गावी परतत होता. तो काँकर्डचाच रहिवासी असल्यामुळे त्याच्या शब्दावर घरोघरचे लोक लवकर विश्वास ठेवतील, हे ओळखून दोघांनी त्याला बरोबर घेतले. लिंकन गावाच्या हद्दीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या टेहळणी पथकाने तिघांना गाठले. प्रेस्कॉटने दगडी कुंपणावरून घोडा उडवला आणि तो निसटला. डॉजही सुटला, पण त्याचा घोडा हातचा गेला आणि त्याला पुढे जाता आले नाही. रिव्हिअर पकडला गेला. त्यामुळे काँकर्डला खबर मिळाली ती प्रेस्कॉटमुळे.

रिव्हिअरने इंग्रजांना काय सांगितले?

जवळजवळ सगळे खरे सांगितले. मेजर मिचेलने त्याच्या डोक्याला पिस्तूल लावले आणि खोटे बोललास तर मेंदू उडवीन अशी धमकी दिली. रिव्हिअरने आपले नाव सांगितले, तुमच्या होड्या नदीत अडकल्या आहेत असे सांगितले, आणि मी वाटभर सगळ्यांना जागे करत आलो असल्यामुळे थोड्याच वेळात इथे पाचशे माणसे जमतील, असेही सांगितले. पाचशेचा आकडा त्याचा स्वतःचा होता. मात्र लेक्सिंग्टनच्या जवळ येताच बंदुकांचे बार आणि घंटेचे टोल ऐकू येऊ लागले, तेव्हा अधिकाऱ्यांना त्याच्या बोलण्यात तथ्य वाटले. त्यांनी रिव्हिअरला आणि ताब्यातील इतर कैद्यांना सोडून दिले आणि आपल्या फौजेला सावध करण्यासाठी ते घाईने परत फिरले.

एका रात्रीत इतके लोक जमले कसे?

माझ्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे. एखादा स्वार कितीही वेगाने दौडला, तरी ज्याला निरोप द्यायचा त्याला पुढे काय करायचे हे माहीत नसेल, तर ती दौड वाया जाते. मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी हा धडा आधीच्या वर्षी घेतला होता. १ सप्टेंबर १७७४ रोजी गेजच्या शिपायांनी बॉस्टनजवळच्या कोठारातून बंदुकीची दारू उचलून नेली. त्या बातमीला वाटेत पंख फुटले, बॉस्टनवर तोफा डागल्या गेल्याची आवई उठली आणि हजारो लोक हत्यारे घेऊन केंब्रिजकडे लोटले. खरी हकिगत कळली तेव्हा ते परतले, परंतु खबर पोहोचवण्याची पद्धत किती ढिसाळ आहे, हे सगळ्यांच्या लक्षात आले होते.

त्यानंतरच्या महिन्यांत गावोगावच्या समित्यांनी कामे वाटून घेतली. कोणत्या गावाने पुढच्या कोणत्या गावांना कळवायचे, निरोप कप्तानाला द्यायचा की पाद्र्याला, घंटा केव्हा वाजवायची, किती बार काढायचे, हे ठरले. हाक येताच निघण्यासाठी प्रत्येक गावाने निवडक माणसांच्या तुकड्या तयार ठेवल्या. त्यांना ‘मिनिटमेन’ म्हणत, कारण एका मिनिटात तयार होण्याची त्यांच्याकडून अपेक्षा होती. म्हणूनच रिव्हिअर मेडफर्डला एका कप्तानाच्या दारावर थाप मारून पुढे गेला, तेव्हा त्या कप्तानाने आणखी माणसे वेगवेगळ्या दिशांना धाडली, आणि त्या माणसांनी आणखी. मूळ दोघे-तिघे होते, पहाटेपर्यंत कित्येक स्वार रस्त्यांवर होते, आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही पुतळ्याखाली कोरलेली नाहीत.

याचा परिणाम १९ एप्रिलला दिसला. पहाटे लेक्सिंग्टनला पार्करची सुमारे ७७ माणसे उभी होती, त्यांपैकी आठ मारली गेली. काँकर्डच्या उत्तरेकडील पुलावर चित्र पालटले, आणि परतीच्या वाटेवर प्रत्येक दगडी कुंपणाआडून फौजेवर गोळ्या येऊ लागल्या. दिवसाअखेर इंग्रजांचे ७३ आणि वसाहतवाल्यांचे ४९ जण मृत झाले होते, आणि बॉस्टनभोवती वेढा पडू लागला होता.

दूरच्या वसाहतींना बातमी कशी मिळाली?

टपाल्यांच्या साखळीने. १९ तारखेच्या सकाळी वॉटरटाउनहून जोसेफ पामर या समिती सदस्याने एक छोटे पत्र लिहिले. फौजेने विनाकारण गोळीबार करून सहा माणसे मारली व चार जखमी केली, असे त्यात होते, कारण मृतांचा खरा आकडा तोवर कळलेला नव्हता. पत्रवाहक इस्रायल बिसेल याला कनेटिकटपर्यंत सर्वांना सावध करण्यास नेमले आहे, तरी त्याला लागतील तसे ताजे घोडे द्यावेत, अशी विनंती पत्राच्या शेवटी होती. प्रत्येक गावी समितीचा माणूस त्या पत्राची नक्कल करी, ‘मूळाबरहुकूम’ असा शेरा मारी, वेळ टाके आणि पुढे धाडी. ते शेरे आजही वाचता येतात आणि कोणत्या गावी बातमी केव्हा आली, हे त्यांतून दिसते. २३ एप्रिलला ती न्यूयॉर्कला आणि २४ ला फिलाडेल्फियाला पोहोचली. बिसेलने हे सारे अंतर एकट्याने तोडले, अशी कथा प्रचलित आहे, पण पत्रात त्याला नेमले होते ते कनेटिकटपर्यंतच, आणि पुढचे काम इतर हातांनी झाले. नकलांमध्ये त्याचे नावही बदलत गेले, काही छापील पत्रकांत ते ‘ट्रेल’ असे आले.

लंडनच्या बाबतीतही वसाहतवाल्यांनी गेजवर मात केली. गेजचा खलिता आधी निघाला होता, पण सेलमचा कप्तान जॉन डर्बी ‘क्वेरो’ नावाच्या हलक्या जहाजातून त्याच्या आधी, मे महिन्याच्या अखेरीस इंग्लंडला पोहोचला. राजधानीने पहिली हकिगत ऐकली ती वसाहतवाल्यांच्या बाजूची.

सिबिल लडिंग्टन या मुलीची कथा खरी आहे का?

कथा अशी की, २६ एप्रिल १७७७ च्या रात्री इंग्रजांनी डॅनबरी गाव जाळले, तेव्हा कर्नल हेन्री लडिंग्टनची सोळा वर्षांची मुलगी पावसातून चाळीस मैल दौडत गेली आणि तिने वडिलांच्या तुकडीतील माणसे गोळा केली. डॅनबरीवरील हल्ला खरा आहे आणि कर्नलही खरा आहे. तिच्या दौडीचा उल्लेख मात्र सर्वप्रथम १८८० साली छापला गेला, आणि त्या काळातला एकही कागद तिला दुजोरा देत नाही. तिचा पुतळा आहे, १९७५ साली तिच्या नावाचे टपाल तिकीटही निघाले. स्त्रियांनी त्या युद्धात केलेल्या कामाची दखल घ्यावी ही तळमळ अगदी रास्त आहे, परंतु पुराव्यावाचून तिची दौड इतिहास म्हणून सांगता येत नाही, असे आमचे मत आहे.

मग पुराव्यानिशी सांगता येईल अशी दुसरी दौड कोणती?

व्हर्जिनियातील जॅक जूएट याची. ३ जून १७८१ च्या रात्री लुइझा परगण्यातील कुकू नावाच्या सराईजवळ त्याने इंग्रज घोडदळ जाताना पाहिले. बॅनॅस्टर टार्लटन सुमारे अडीचशे स्वार घेऊन शार्लट्सव्हिलला निघाला होता, कारण तिथे व्हर्जिनियाचे विधिमंडळ जमले होते आणि जवळच माँटिसेलो येथे टॉमस जेफर्सन राहत होता. जूएटने मुख्य रस्ता सोडून आडवाटेने सुमारे चाळीस मैल रात्रभर घोडा हाकला आणि पहाटे तो माँटिसेलोला पोहोचला. जेफर्सन निसटला, बहुतेक सदस्य डोंगरापलीकडे स्टाँटनला गेले, केवळ काही जण हाती लागले. विधिमंडळाने जूएटला पिस्तुलांची जोडी आणि तलवार देण्याचा ठराव केला. या एका दौडीमुळे, स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा माणूस कैद होण्यापासून वाचला, तरीही जूएटचे नाव रिव्हिअरच्या शतांशानेही घेतले जात नाही.

या इतिहासाचा मराठी वाचकाशी काही संबंध आहे का?

एक सरळ धागा आहे. टार्लटनला त्या स्वारीवर पाठवणारा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस. त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यॉर्कटाउनला शरणागती पत्करली आणि १७८६ साली तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. टिपूविरुद्ध १७९२ साली संपलेल्या युद्धात त्याच्या बरोबर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा होत्या. शिवाय लेक्सिंग्टनच्या जेमतेम महिनाभर आधी, मार्च १७७५ मध्ये, राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला होता. एकाच वसंतात इंग्रजांची दोन युद्धे जगाच्या दोन टोकांना पेटत होती. जासूद, हरकारे आणि सांडणीस्वार यांच्यावर आपलाही कारभार चालत असल्यामुळे, ताज्या घोड्याचे मोल पेशवाईचे कागद वाचलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

रिव्हिअरच एवढा प्रसिद्ध का झाला?

कवितेमुळे. हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो या कवीने १८६० साली रिव्हिअरच्या दौडीवर कविता लिहिली आणि ती पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाली. देश यादवीच्या उंबरठ्यावर उभा असताना लोकांना जागे करणे, हा कवीचा हेतू होता आणि तो त्याने साधला. परंतु त्या कवितेतला रिव्हिअर पलीकडच्या काठावर कंदिलांची वाट पाहतो आणि एकटाच काँकर्डला पोहोचतो. डॉज आणि प्रेस्कॉट त्यात नाहीत. त्यापूर्वी रिव्हिअरची ओळख बॉस्टनमध्ये उत्तम कारागीर आणि १८०१ साली तांब्याचे पत्रे बनवण्याचा कारखाना काढणारा उद्योजक अशी अधिक होती. तो १८१८ साली वारला.

घोड्याचे काय झाले?

तो परत मिळाला नाही. कैद्यांना सोडताना मेजरने आपल्या सार्जंटला विचारले की, तुझा घोडा थकला आहे का, आणि त्याने होकार देताच लार्किनचा घोडा त्याच्या हवाली केला. सार्जंटच्या लहान घोड्याचे लगाम आणि खोगीर कापून टाकले, आणि ते सगळे दौडत निघून गेले. रिव्हिअर पायी निघाला. स्मशानभूमी आणि कुरणे तुडवत तो पुन्हा त्या पाद्र्याच्या घरी आला, हॅनकॉक आणि अ‍ॅडम्स यांना गावाबाहेर काढून दिले, आणि हॅनकॉकची कागदपत्रांनी भरलेली पेटी आणायला एका कारकुनाला घेऊन तो लेक्सिंग्टनच्या मैदानाजवळील सराईवर गेला. ती जड पेटी दोघे मिळून मैदानावरून, पार्करच्या उभ्या तुकडीमधून नेत असताना पाठीमागे फौज आली. त्याने गोळीचा आवाज ऐकला, पण ती कोणी झाडली ते त्याला दिसले नाही, असे त्याने आपल्या जबानीत लिहून ठेवले आहे.